दोन जोड पायताण, एक परदेशी पत्ता आणि पोस्टाचं काउंटर: डाकघर निर्यात केंद्राची पारख

निपाणी, चिकोडी, अथणी, मदभावी या पट्ट्यात पायताण करणाऱ्या घरांना परदेशी गिऱ्हाईक शोधायला आता मुंबईला जावं लागत नाही. मोबाइलवर फोटो टाकला की दुबईहून, लंडनहून, न्यू जर्सीहून विचारणा येते. गाडी अडते ती त्याच्या पुढे. दोन जोडांसाठी कस्टमचा एजंट धरला तर त्याची फी चपलेच्या किमतीच्या वर जाते, आणि खासगी कुरिअरचा दर ऐकून गिऱ्हाईकच माघार घेतं. या पोकळीत टपाल खात्याने सीमाशुल्क खात्याच्या जोडीने डाकघर निर्यात केंद्रं सुरू केली. देशात ती आता हजाराच्या वर आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या चप्पल कारागिराला ती कितपत उपयोगी पडतात, कुठे अडतात आणि त्यातलं किती आपल्या हातात आहे, हे इथे मांडलं आहे.

निकाल आधीच सांगतो. एका वेळी एक ते पंधरा जोड पाठवणाऱ्यासाठी याहून बरी वाट आज तरी नाही. पाचपैकी चार गुण. शंभर जोडांची ऑर्डर असेल तर मात्र सरळ एअर कार्गो आणि कस्टम हाउस एजंटच बघावा. एजंटची फी बिलामागे असते, जोडामागे नसते; त्यामुळे माल वाढला की ती अंगावर येत नाही. कापलेला एक गुण काउंटरवरच्या माणसांचा नाही. कागदांची जी साखळी काउंटरपर्यंत येण्याआधी पुरी करावी लागते, ती साध्या मराठीत किंवा कानडीत समजावून सांगणारं कुणी नसतं, म्हणून तो कापला.

कागद जुळत नाहीत, तिथेच महिना जातो

लागणारी यादी छोटी आहे. पॅन, आयातदार-निर्यातदार संकेतांक म्हणजे आयईसी, चालू खातं, बँकेचा एडी कोड, जीएसटी क्रमांक आणि एलयूटी. आयईसी विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर 500 रुपयांत मिळतो, आणि कागद जुळले तर लवकर मिळतो. पण सीमाभागात नेमके ते जुळतच नाहीत.

ज्ञानेश्वर हे नाव घ्या. महाराष्ट्रातल्या शाळेच्या दाखल्यावर त्याचं इंग्रजी स्पेलिंग ‘डी-एन-वाय’ने सुरू होतं. तेच नाव कर्नाटकात कानडीवरून इंग्रजीत गेलं की ‘जे-एन’ने सुरू होतं. पॅन एका पद्धतीने निघालेलं, आधार दुसऱ्या पद्धतीने, बँकेचं खातं तिसऱ्याच. पोर्टलला माणूस दिसत नाही, अक्षरं दिसतात. पत्त्याचंही तेच. 1 नोव्हेंबर 2014 रोजी बेळगावचं सरकारी नाव बदललं, विजापूरचं बदललं. पण जुनी पासबुकं, भाडेकरार, वीजबिलं यांच्यावर अजून जुनी नावं आहेत. जीएसटी नोंदणीत नवं नाव, बँकेच्या पत्रावर जुनं, अशी जोडी असली की अर्ज प्रश्नचिन्ह लागून परत येतो.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी पॅन आणि आधार एकसारखं करून घ्या, मग त्याच अक्षरांत चालू खातं, मग जीएसटी, आणि सगळ्यात शेवटी आयईसी. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक दुरुस्तीमागे पुढचे तीन कागद पुन्हा दुरुस्त करावे लागतात. आयईसी मिळाला म्हणजे कायमचं झालं, असंही नाही. दर वर्षी एप्रिल ते जून या काळात पोर्टलवर जाऊन तो अद्ययावत करावा लागतो. काहीही बदललेलं नसलं तरी ‘बदल नाही’ एवढं नोंदवावं लागतं. त्याला पैसे पडत नाहीत, पण राहून गेलं तर संकेतांक निष्क्रिय होतो, आणि हे बहुतेकांना पार्सल अडल्यावर कळतं.

एडी कोड हा 14 अंकी क्रमांक परकीय चलनाचा व्यवहार करण्याची परवानगी असलेली बँक शाखा देते. गावातल्या शाखेला बहुधा ती परवानगी नसते. शाखाधिकारी ‘असलं काही आमच्याकडे नाही’ म्हणाले तर परत फिरू नका. त्याच बँकेच्या बेळगाव किंवा कोल्हापूरच्या परकीय चलन शाखेकडून पत्र मागवायला सांगा. पत्र बँकेच्या लेटरहेडवर हवं, त्यावर तुमच्या फर्मचं नाव, खातं क्रमांक आणि आयईसी हवा. तो कोड सीमाशुल्क खात्याच्या आइसगेट पोर्टलवर नोंदवल्याशिवाय पुढचं काही चालत नाही.

एलयूटी म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र. ते जीएसटी पोर्टलवर आरएफडी-11 या नमुन्यात भरतात आणि त्याची मुदत आर्थिक वर्षापुरतीच असते. 31 मार्चला संपलेल्या क्रमांकावर एप्रिलमध्ये पार्सल गेलं, ही चूक दर वर्षी होते. नवं वर्ष लागायच्या आत ते भरून ठेवावं.

चामडं कोल्हापूरचं, हात निपाणीचे

ही अडचण फक्त आपल्या भागाची आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. पुष्कळ ठिकाणी कमावलेलं चामडं कोल्हापूरकडून येतं, शिवण निपाणीत किंवा अथणीकडे होते आणि विकणारा दोहोंपैकी कुठल्याही बाजूला असतो. नकाशावर हे चाळीस-पन्नास किलोमीटरचं अंतर आहे, जीएसटीच्या हिशोबात मात्र ते 27 (महाराष्ट्र) आणि 29 (कर्नाटक) अशा संकेतांकांच्या दोन राज्यांमधलं आहे. माल मजुरीकामासाठी राज्याची हद्द ओलांडून पाठवला तर ई-वे बिल लागतं, मग माल पाच हजारांचा असला तरी. पन्नास हजारांपर्यंतच्या मालाला एरवी असलेली सूट इथे धरता येत नाही. कागल-कोगनोळी भागात दुचाकीवरून चामड्याची गुंडाळी नेणाऱ्याला हे ठाऊक नसतं. सोबत डिलिव्हरी चलन हवं आणि परत येणाऱ्या तयार मालाचाही हिशोब त्याच चलनाशी जुळायला हवा. पुढे निर्यातीवर कच्च्या मालावरच्या कराचा परतावा मागायचा झाला की अधिकारी हीच चलनं मागतात.

याच सीमेचा एक चांगला भागही आहे. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन, जे 2019 साली जाहीर झालं, ते फक्त कोल्हापूरचं नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं चर्मोद्योग महामंडळ लिडकर हे दोघे त्याचे नोंदणीकृत धारक आहेत. तेव्हा ‘पत्ता कर्नाटकाचा आणि चप्पल कोल्हापुरी कशी?’ असं परदेशी गिऱ्हाईकाने विचारलं तर संकोच करण्याचं कारण नाही. अथणीच्या कारागिराचा या नावावर कोल्हापूरच्या कारागिराइतकाच हक्क आहे. फक्त त्या नावाने अधिकृतपणे विकायचं तर प्रत्येकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंदणी करायला हवी. ती बहुतेकांनी केलेली नाही.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने याच धाटणीच्या चपला दाखवल्या, आपल्याकडे ओरड झाली, त्यानंतर कंपनीने मूळ प्रेरणा मान्य केली. त्या वेळी अनेकांना वाटलं की मानांकन आहे तर परदेशात आपोआप संरक्षण असेल. तसं नसतं. भारतातली नोंदणी भारताच्या हद्दीपुरती चालते. युरोपात ते नाव राखायचं तर तिथली नोंदणी वेगळी करावी लागते.

पोर्टलवरचा फॉर्म: तळाला काय चिकटवलंय?

केंद्राचं पोर्टल वापरायला ठीक आहे. घरी बसून नोंदणी होते, पार्सलचा तपशील भरता येतो, लेबल आणि सीमाशुल्काची घोषणा छापून निघते. पूर्वी 2018 च्या नियमांप्रमाणे कागदी बिल घेऊन विदेश डाकघर गाठावं लागे. डिसेंबर 2022 च्या नियमांनी हे सगळं इलेक्ट्रॉनिक केलं. आता पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्टचे (पीबीई, म्हणजे टपालाने जाणाऱ्या मालाचं निर्यात बिल) दोन नमुने आहेत: ऑनलाइन दुकानातून विकलेल्या मालासाठी पीबीई-3 आणि इतर सगळ्यासाठी पीबीई-4. व्हॉट्सॲपवर ठरलेली घाऊक ऑर्डर पीबीई-4 मध्ये जाते. संकेतस्थळावरून गिऱ्हाईकाने पैसे भरून घेतलेला जोड पीबीई-3 मध्ये, आणि तिथे वेबसाइटचा पत्ता व पेमेंटचा क्रमांक मागतात. पार्सल केंद्रात दिलं की ते बंगळूर किंवा मुंबईसारख्या शहरातल्या विदेश डाकघरात जातं. तिथला सीमाशुल्क अधिकारी संगणकावर बिल तपासतो, गरज वाटली तर डबा उघडतो, आणि परवानगी दिली की माल विमानात चढतो. आपल्याला तिथे जावं लागत नाही, हा या सेवेचा सगळ्यात मोठा गुण.

फॉर्ममधली खरी परीक्षा एचएस कोडची, म्हणजे मालाचा प्रकार सांगणाऱ्या जागतिक वर्गीकरणातल्या आकड्याची. चामड्याचा तळ, पंज्यावरून जाणारे चामड्याचे पट्टे आणि अंगठ्याभोवती वळसा, असं अगदी आपल्या पायताणाचं वर्णन जागतिक यादीत 6403.20 या सहा आकड्यांखाली आहे. भारतीय यादीत त्याखाली कोल्हापुरी चपलांची वेगळी ओळही आहे. इतका नेमका कोड फार थोड्या हस्तकलांच्या वाट्याला येतो.

पण हल्ली परदेशी फरशीवर पाय घसरू नये म्हणून पुष्कळ कारागीर तळाखाली रबराची शीट चिकटवतात. चप्पल तीच, कान तेच, वेणी तीच; पण कोड बदलला. कारण वर्गीकरणात बाहेरचा तळ कशाचा, हे जमिनीला टेकणाऱ्या पृष्ठभागावर ठरतं. सगळ्यात जास्त क्षेत्रफळ रबराचं असेल तर तो रबरी तळ, मग त्याच्यावर चामड्याचे चार थर असोत. फक्त टाचेला रबराचा तुकडा असेल आणि बाकी तळ चामड्याचा असेल तर कोड तोच राहतो. हे न बघता सगळ्या मालावर 6403.20 टाकला, आणि तिकडच्या सीमाशुल्काने डबा उघडला, तर शुल्काचा दर बदलतो आणि गिऱ्हाईकाला दंडासह बिल येतं. गुणाची गोष्ट म्हणजे पोर्टल कोड निवडायला लावतं. दोषाची गोष्ट म्हणजे निवडलेला कोड आणि मालाचं वर्णन यांचा मेळ कुणी बघून देत नाही. म्हणून वर्णनाच्या रकान्यात नुसतं ‘चप्पल’ लिहू नका. हाताने केलेली चामड्याची चप्पल, चामड्याचा तळ, पुरुषांची, दोन जोड, इतकं इंग्रजीत स्पष्ट लिहा.

किंमत लिहितानाही एक गल्लत होते. गिऱ्हाईकाने टपालखर्चासह 90 डॉलर दिले आणि इनव्हॉइसवर नुसते 90 लिहिले, तर तिकडचं शुल्क टपालखर्चावरही लागू शकतं. माल 62 डॉलर, टपाल 28 डॉलर असं फोडून लिहा. पीबीईमध्ये जाते ती एफओबी किंमत, म्हणजे मालाची. याच्या उलट टोकाला ‘भेटवस्तू’ म्हणून खूण करून पाठवणारेही आहेत. त्यात शुल्क वाचतं असं वाटतं, पण निर्यातीचा पुरावा राहत नाही, एलयूटीचा हिशोब अर्धवट राहतो आणि बँकेत परदेशी पैसे येतात तेव्हा त्यासमोर दाखवायला बिल नसतं. सीएन 23 या घोषणापत्रावर ‘मालाची विक्री’ हीच खूण करावी.

काउंटर, वजन आणि डबा

पुरुषांचा जाड तळाचा जोड साधारण 700 ते 800 ग्रॅम भरतो, बायकांचा नाजूक जोड त्याच्या निम्म्याच्या आसपास. खासगी कुरिअर डब्याच्या आकारावरूनही वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5,000 ने भागतात. 32 बाय 20 बाय 11 चा साधा बुटाचा डबा धरला तर 1.4 किलो होतात, आत माल जेमतेम एक किलो असला तरी. कोल्हापुरी चप्पल सपाट असते हा तिचा मोठा फायदा आहे, तो बुटाच्या डब्यात घालून वाया घालवू नका. दोन चपला तळाला तळ लावून, मध्ये पातळ पुठ्ठा, उंची सात सेंटिमीटरच्या आत बसते. हा डबा आपल्याकडचे पुठ्ठ्यावाले मापाप्रमाणे करून देतात.

पोस्टात निवड करायची ती आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट, हवाई पार्सल आणि छोट्या पाकिटांची ट्रॅकिंग सेवा यांच्यात. छोटं पाकीट सगळ्यात स्वस्त, पण ते निवडक देशांनाच जातं आणि वजनाला मर्यादा आहे. एक-दोन जोडांना तेच पुरतं. पाच-सहा जोड असतील तर स्पीड पोस्ट. ट्रॅकिंग दिल्ली-मुंबईपर्यंत चांगलं दिसतं. विमान सुटल्यापासून तिकडच्या टपाल खात्याने पार्सल हातात घेईपर्यंत मध्ये काही दिवस नोंदच येत नाही. गिऱ्हाईकाला हे आधीच सांगून ठेवलं की ‘माझं पार्सल हरवलं’ असा मेसेज येत नाही. न पोचलेलं पार्सल परत मागवायचं की सोडून द्यायचं हेही फॉर्मवर आधीच विचारतात. परतीचा खर्च जोडाच्या किमतीजवळ जात असेल तर विचार करूनच खूण करा.

माप चुकल्यामुळे परत येणारे जोड हा या धंद्याचा सगळ्यात महागडा तोटा आहे, आणि पोस्ट त्यात काही करू शकत नाही. आपल्याकडचा आठ नंबर, ब्रिटिश आठ आणि युरोपचा 42 यांचा भरवसा धरू नये. गिऱ्हाईकाला कागदावर पाय ठेवून टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंतची लांबी आणि पंज्याची रुंदी सेंटिमीटरमध्ये मागवा.

अमेरिका

अमेरिकेसाठी ही सेवा 2025 मध्ये पार हलली. 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली शुल्कमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून सगळ्या देशांसाठी बंद झाली. त्याआधीच, 25 ऑगस्टपासून, आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सलं घेणं थांबवलं होतं, कारण शुल्क कुणी आणि कसं गोळा करायचं हे तिकडे ठरलेलं नव्हतं. दसरा त्यातच गेला. 15 ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली, या पद्धतीने: तिकडचं शुल्क इथेच, पार्सल देताना, पाठवणाऱ्याने भरायचं. त्या वेळी तो दर जाहीर किमतीच्या 50 टक्के होता. 6,000 रुपयांच्या मालावर 3,000 रुपये काउंटरवरच.

पद्धत चांगली आहे, कारण पार्सल तिकडे शुल्कासाठी अडून राहत नाही आणि गिऱ्हाईकाला अचानक बिल येत नाही. पण हे पैसे कारागिराच्या खिशातून आधी जातात. शुल्क वेगळी ओळ म्हणून गिऱ्हाईकाकडून आगाऊ घ्या, किमतीत मिसळू नका. मिसळलं तर जाहीर किंमत वाढते आणि शुल्कावर शुल्क बसतं. दर वारंवार बदलतात, म्हणून भाव सांगताना त्याला आठ दिवसांची मुदत घाला आणि पाठवण्याच्या दिवशी पोस्टात दर विचारूनच डबा बंद करा. आणखी एक: मूळ देशाची खूण प्रत्येक वस्तूवर टिकाऊ रीतीने हवी, फक्त डब्यावर चालत नाही. तळाच्या आतल्या बाजूला गरम ठशाने ‘मेड इन इंडिया’ उठवणं सगळ्यात सोपं.

युरोपात शुल्कापेक्षा नियम जड

युरोपात 150 युरोपर्यंतच्या पार्सलवर 1 जुलै 2021 पासून व्हॅट लागतोच. तो विक्रीच्या वेळी घेऊन आयओएसएस (आयात मालाचा व्हॅट एकाच ठिकाणी भरण्याची युरोपची सोय) क्रमांकाखाली भरला तर पार्सल सरळ जातं, नाहीतर पोस्टमन दारात पैसे मागतो. छोट्या विक्रेत्याने हा क्रमांक स्वतः काढण्यापेक्षा, तो असलेल्या ऑनलाइन बाजारपेठेतून विकणं परवडतं.

जास्त लक्ष द्यायचं ते चामड्याकडे. कातडीला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूत क्रोमियम-6 प्रति किलो 3 मिलिग्रॅमच्या आत हवं, असा युरोपचा नियम 1 मे 2015 पासून आहे. काही ॲझो रंगांतून सुटणाऱ्या घातक रसायनांना 30 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या चामड्यात क्रोमियम घातलेलंच नसतं. त्या दृष्टीने आपली जुनी पद्धत युरोपच्या नियमाला शंभर वर्षं आधीच तयार होती, आणि हे अभिमानाने सांगावं असंच आहे. अडचण अशी की आज तळ सालीत कमावलेला आणि वरचे रंगीत पट्टे क्रोमने कमावलेले, असा जोड सर्रास निघतो. क्रोमच्या चामड्यात घातलेलं क्रोमियम-3 निरुपद्रवी असतं, पण ऊन, उष्णता आणि काही तेलं यांच्यामुळे त्यातलं थोडं क्रोमियम-6 मध्ये बदलू शकतं. रंगवलेले पट्टे पत्र्यावर उन्हात वाळत घालण्याची सवय इथे नडते. युरोपला पाठवायचा माल सावलीत वाळवा, पट्ट्याच्या चामड्याच्या खरेदीबिलावर कमावण्याची पद्धत लिहून घ्या, आणि प्रत्येक रंगाचा एक तुकडा चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. रंग चार असतील तर नमुने चार. एकाच अहवालावर सगळे रंग खपवता येत नाहीत.

लेबलाचाही नियम आहे. जोडातल्या किमान एका चपलेवर वरचा भाग, आतला थर आणि बाहेरचा तळ कशाचा आहे हे ठरलेल्या चिन्हांनी किंवा शब्दांत दाखवावं लागतं. ज्या पदार्थाने त्या भागाचा किमान 80 टक्के पृष्ठभाग व्यापलाय त्याचं चिन्ह. चामड्यासाठी पसरलेल्या कातड्याच्या आकाराचं चिन्ह असतं. आणि 13 डिसेंबर 2024 पासून युरोपात राहणाऱ्या एका जबाबदार व्यक्तीचं किंवा संस्थेचं नाव-पत्ता मालावर किंवा वेष्टनावर हवा. ही अट आपल्या कारागिरासाठी सगळ्यात कठीण आहे. तिकडे दुकान असलेल्या खरेदीदाराला माल दिला तर ती जबाबदारी तो घेतो. घरोघरी एकेक जोड पाठवणाऱ्याला पैसे मोजून प्रतिनिधी नेमावा लागतो. म्हणून युरोपसाठी सुरुवात दुकानदारापासून करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आखाताचं गणित यामानाने सोपं. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार 1 मे 2022 पासून लागू आहे आणि मूळ देशाचं प्रमाणपत्र जोडलं तर शुल्कात सवलत मिळते. दोन जोडांसाठी ते प्रमाणपत्र काढायचा खटाटोप परवडत नाही. वीसेक जोड एकत्र जाणार असतील तर जरूर काढावं.

पैसे परत येताना

परदेशातून पैसे येताना मधल्या बँका आपापला वाटा कापतात. बिल 120 डॉलरचं आणि खात्यात 100 च्या आसपास, असं लहान रकमांत सहज होतं. कापलेल्या रकमेमुळे बँकेच्या निर्यात नोंदीत ते बिल अर्धवट दिसत राहतं. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2025 पासून 10 लाख रुपयांपर्यंतची बिलं निर्यातदाराच्या घोषणापत्रावर बंद करण्याची मुभा बँकांना दिली आहे, आणि पैसे आणण्याची मुदतही नंतर 9 महिन्यांवरून 15 महिने झाली. गावातल्या शाखेला हे परिपत्रक माहीत नसेल तर छापून न्या. तीन महिन्यांतून एकदा सगळी पीबीई आणि आलेल्या रकमा समोरासमोर मांडून बँकेत देण्याची सवय ठेवली तर वर्षअखेर नोटीस येत नाही.

पोस्टाच्या वाटेवर वर्षानुवर्षं एक अन्याय होता: शुल्क परतावा आणि रोडटेप (निर्यात मालात मुरलेले कर परत देणारी योजना) यांसारखे लाभ बंदरातून जाणाऱ्या मालाला मिळत, पोस्टातून जाणाऱ्याला मिळत नसत. 15 जानेवारी 2026 पासून इलेक्ट्रॉनिक पीबीईवर तेही मिळू लागले. मात्र फॉर्ममध्ये त्या लाभाचा दावा पाठवतानाच करावा. नंतर आठवलं म्हणून जोडायला जाणं फार कष्टाचं आहे.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हा आपल्याकडचा काळ चामड्याला वाईट. सालीत कमावलेल्या चामड्यात ओल राहिली आणि ते प्लास्टिकच्या पिशवीत बंद झालं, तर दहा-बारा दिवसांच्या प्रवासात बुरशीचे पांढरे ठिपके येतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारखे जैवसुरक्षेत कडक देश असं पार्सल अडवतात. प्लास्टिक टाळा. प्रत्येक चप्पल बटर पेपरमध्ये गुंडाळा, जोडामागे सिलिका जेलच्या दोन पुड्या घाला, बाहेर पाच पदरी पुठ्ठा. तेल द्यायचं असेल तर पॅक करण्याच्या चार दिवस आधी द्या आणि कोरड्या फडक्याने पुसून काढा, नाहीतर ते कागदातून झिरपून लेबलवरचा बारकोड पुसट करतं. नव्या चामड्याचा वास आपल्याला आवडतो, पण परदेशी गिऱ्हाईकाची पहिली तक्रार बहुधा त्याचीच असते. आठ-दहा दिवस वाऱ्यावर टांगून मगच डब्यात घाला. डबा चिकटपट्टीने पूर्ण मढवू नका. सीमाशुल्काने तपासणीला उघडला तर कापून पुन्हा बंद करता येईल अशी एक बाजू साध्या पट्टीची ठेवा, आणि इनव्हॉइसची एक प्रत आत, चपलांच्या वर ठेवा.